बाकड्यावरचा होकार

एका स्त्रीच्या गर्भाशयात मी तिला न सांगता तांबी बसवली, आणि काही वर्षांनी तीच तांबी तिला न सांगता काढून टाकली. या दोन्ही गोष्टी मी पुष्कळ वर्षं लपवल्या. पहिल्या कृत्यामागे निदान एक विचार होता. तो चुकीचा होता, पण विचार होता. दुसऱ्यामागे भीतीखेरीज काही नव्हतं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे डॉक्टरकीतले गमतीदार अनुभव मागितले होते. तेही आहेत. परंतु पन्नाशी उलटल्यावर, दौंडच्या दवाखान्याच्या माडीवर एकटा बसून आठवू लागलो, की गमतींच्या आधी हीच गोष्ट येऊन उभी राहते. लिहिण्यापूर्वी त्या बाईंच्या भावाकरवी मी त्यांची परवानगी विचारली. निरोप आला, "लिहा म्हनावं. नाव आन् वस्ती तेवढी बदला." म्हणून इथं त्यांचं नाव शालन आहे, आणि वस्तीही बदललेली आहे. भाऊ निरोप देऊन लगेच निघाला. पूर्वी तो दर दिवाळीला बहिणीनं भरून दिलेला फराळाचा डबा घेऊन यायचा आणि चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही. गेल्या दिवाळीपासून डबा येत नाही. हे तक्रार म्हणून सांगत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. मुलांच्या शाळेसाठी पत्नी आणि मुलं पुण्याला, मी केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये. दुपारी रुग्ण ओसरले की इतकी शांतता पसरे, की सिरिंज उकळण्याच्या भांड्यातलं पाणी पलीकडच्या खोलीत ऐकू येई. लोक फार मान द्यायचे. वाटेत भेटले तर सायकलवरून उतरून उभे राहायचे. पण सायकलवरून उतरलेला माणूस गप्पा मारत नाही; आपण पुढे जाण्याची वाट बघत उभा राहतो. मान आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या रस्त्यावर शिकलो.

त्या काळी कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट वरून ठरून येई: इतक्या शस्त्रक्रिया, इतक्या तांब्या. ज्याचं उद्दिष्ट अपुरं, त्याला महिन्याच्या सभेत उभं राहून कारणं द्यावी लागत. त्यामुळे बाळंत झालेली बाई आमच्या दृष्टीनं फार सोयीची असे. ती समोर आलेलीच असायची. शोधत वस्त्यांवर हिंडावं लागत नसे.

तांबी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा प्लॅस्टिकचा लहानसा तुकडा, त्याच्या दांड्याभोवती तांब्याची बारीक तार, आणि खाली दोन दोरे. गर्भाशयात ती असेपर्यंत सहसा दिवस जात नाहीत; काढली की पुन्हा जाऊ शकतात. दोरे एवढ्यासाठीच असतात, की ती आहे हे तपासता यावं आणि नको झाली की ओढून काढता यावी. साधन चांगलं आहे. आजही मी ते बसवतो. दोष साधनाचा नव्हता.

दोष आमच्या विचारण्याच्या पद्धतीत होता. केंद्राच्या व्हरांड्यात भिंतीला लागून एक लांब बाकडं होतं. बाळंतीण आत खाटेवर असे, आणि तिच्याबद्दलचा प्रश्न मी दारात उभा राहून बाकड्याला विचारत असे. "काय ठरलं मग?" बाकड्यावर सासू, नवरा, एखादी आत्या, कधी उगाच आलेला शेजारचा आप्पा. बाकडं आपापसात कुजबुजे, तंबाखू मळे आणि निकाल देई. होकार आला की नर्सबाई ट्रे लावत. आतल्या बाईचा अंगठा शेवटी घेतला जाई, झालेल्या गोष्टीवर झाकण ठेवावं तसा.

बाकड्याचा हा अधिकार तपासणीच्या टेबलापर्यंत पोचत असे. एकदा इनामगावकडची एक सासू सुनेला घेऊन आली होती. सुनेला विचारलं, "पाळी कधी आली होती?" सासू म्हणाली, "आमाला पंचमीच्या आदल्या दिशी." "दुखतं कुठं?" "आमाला कमरंत." मी सुनेकडे बघून म्हणालो, "जीभ दाखवा," आणि सासूनं जीभ बाहेर काढली. सून पदरात तोंड घालून हसली. हा किस्सा मी पुढे कितीतरी मेजवान्यांत सांगितला. त्या सुनेला नेमकं काय होत होतं, हे मात्र मला आज आठवत नाही. बहुधा मी विचारलंच नसावं.

शालन पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, तेव्हा विशीच्या आतबाहेर असेल. माहेर वरवंडचं, सासर वडगाव रासाईच्या बाजूच्या एका वस्तीवर. मुलगी झाली आणि वार पडल्यावर रक्तस्राव थांबेना. केंद्रात रक्त नव्हतं, जीप दुरुस्तीला गेलेली. नर्सबाई आणि मी आळीपाळीनं तिचं पोट चोळत राहिलो, इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. अखेर गर्भाशय आकसलं. ती वाचली, आणि त्याच दिवशी माझ्या मनात एक वाईट बीज पडलं. आपण एखाद्याचा जीव वाचवला, की तो जीव थोडासा आपल्या मालकीचा वाटू लागतो.

दीड महिन्यानं ती बाळाला डोस द्यायला आली. ओठ पांढरे होते. लगेच पुन्हा दिवस गेले तर ही पुढच्या खेपेला हाती लागणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. बाहेर बाकड्यावर तिच्या सासूबाई होत्या. त्यांनी नर्सबाईंना आधीच बजावलं होतं, "नातवाचं त्वांड बघितल्याबिगर आमच्यात तांबीबिंबी काय चालायची न्हाई."

म्हणजे बाकडं नकार देणार, हे ठरलेलं होतं. मी ठरवलं, की बाकड्याला विचारायचंच नाही. आणि शालनला सांगितलं तर ती घरी बोलून बसेल, किंवा खोटं बोलण्याचं ओझं तिच्यावर पडेल. म्हणून तिलाही विचारायचं नाही. तेव्हा मला ही मोठी हुशारी वाटली होती. बाकडं हो म्हणालं तरी बाई वगळली जात होती, आणि नाही म्हणालं तरीही. मध्ये निर्णय घेणारा तेवढा बदलला होता.

मी दार लावून घेतलं. "तपासणी करायची आहे, थोडं दुखेल," म्हणालो. तिनं विश्वासानं डोळे मिटून घेतले.

ती गेल्यावर नर्सबाई ट्रे आवरता आवरता म्हणाल्या, "साहेब, हिला सांगितलंत ना?"

"पुढच्या खेपेला सांगतो. जरा अंगात रक्त येऊ द्या."

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी नव्हतो. माझी बदली झाली होती. जाताना मला वाटलं, नर्सबाई सांगतील. नर्सबाईंना वाटलं असणार, साहेबांनी सांगितलं. मधल्या काळात शालनच्या ओठांवर रंग आला, तिची मुलगी चालू लागली, आणि तिला दिवस जाईनात.

चारेक वर्षांनी मी सरकारी नोकरी सोडली आणि दौंडला छोटंसं प्रसूतिगृह काढलं. खाली दवाखाना, वर दोन खोल्या. पुण्याला घरी मी आधी दर रविवारी जात असे, पुढे महिन्यातून एकदा. मुलं मोठी होत गेली तसा मी तिथं पाहुण्यासारखा होत गेलो. स्टेशनची घोषणा माडीवर ऐकू येते. ती गाडी पुण्याला जाते हे कळतं, आणि तरीही माणूस उठत नाही.

दौंडचा दवाखाना नवा असतानाच एके सकाळी वरवंडहून एक तरुण बहिणीला घेऊन आला; ती शालन होती. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"साहेब, तुम्ही व्हय? माझ्या पोरीच्या येळंला तुम्हीच मला वाचवलं हुतं. आता बी तुम्हीच बघा."

मी विचारलं, काय झालं.

"पोरीच्या पाठीवर कूस आटली म्हन्त्यात घरी. समदं करून झालं. आता आत्याबाई ह्यांच्यासाठी दुसरी बघाया लागल्यात." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

ती टेबलावर निजली आणि मी पोट तपासायला लुगडं सारलं. बेंबीच्या खाली काळ्या डागांची एक ओळ होती. बिब्ब्याच्या डागण्या. कोणा जाणत्यानं कूस उघडावी म्हणून दिल्या होत्या. काही जुन्या झाल्या होत्या. एक अजून ओली होती.

पुढचं मी तपासण्यापूर्वीच ओळखलं होतं. आत दोन दोरे दिसत होते.

सिस्टर औषध आणायला बाहेर गेली होती. मी चिमट्यानं दोरे धरले, ओढले, तांबी बाहेर आली. ती बोळ्यात गुंडाळून मी बादलीत टाकली आणि वर आणखी दोन बोळे टाकले. त्या वेळी तिला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मनात तयार होतं. पण बाहेर भाऊ बसला होता, दवाखाना नवा होता, आणि डागणीचा तो ओला डाग माझ्याकडे बघत होता.

"काय केलं साहेब?"

"काही नाही. थोडी सूज होती, साफ केली. गोळ्या देतो."

मी तिला रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या.

पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला, माझ्याच दवाखान्यात. सासूबाईंनी पेढे वाटले. माझ्या हाताला गुण आहे, ही बातमी नदीच्या दोन्ही काठांना पसरली. लांबून जोडपी येऊ लागली आणि टेबलावर हात टेकून म्हणू लागली, "वडगावच्या शालनला दिल्या त्याच लाल गोळ्या द्या." मी त्यांना तपासण्या सांगत असे, मोठ्या रुग्णालयांच्या चिठ्ठ्या देत असे, ते निराश होऊन बघत. माझ्या व्यवसायाचा पाया अशा रीतीनं घातला गेला.

आणि दर दिवाळीला तो डबा येई. कडबोळी, करंज्या, तिळाची चटणी वेगळ्या पुडीत. "एकल्या मानसाला कोन करून घालणार," असा शालनचा निरोप असे. पुण्याला जाणं व्हायचं नाही त्या दिवाळीला माझा फराळ तेवढाच असे. मी तो माडीवर बसून खात असे आणि प्रत्येक घासाबरोबर मला वाटे, की ही बाई एका चोराला जेवू घालते आहे.

याच सुमारास दौंडमधल्या नूरजहाँबी माझ्याकडे तिसऱ्या बाळंतपणाला आल्या. ब्लाउज शिवण्यात त्यांचा हातखंडा, नवरा रेल्वेत. घरी जायच्या दिवशी मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला तांबी, गोळ्या, शस्त्रक्रिया हे सगळं समजावलं आणि नूरजहाँबींच्या खाटेवरून तसाच पुढे गेलो.

"डॉक्टरसाब, इधर आव."

मी वळलो.

"हिला सगळं सांगितलं. मला काय नाय सांगितलं."

"तुमच्याकडे चालत नाही ना, म्हणून..."

"कोण बोललं? मी बोलले?"

"नाही."

"मग? माझ्या अंगाचं माप न घेताच कापड कापलंत की तुम्ही."

मी ओशाळून स्टूल ओढलं आणि बसलो. त्यांनी तांबी हातात घेऊन पाहिली, तार नखानं खरवडली, दोरा बोटाला गुंडाळला. "हे नको वाटलं तर काढणार कोण?"

"मी काढीन."

"कधी?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"मी म्हणेन तवा. नवऱ्यानं म्हटलं तर नाय, तुम्हाला वाटलं तर नाय. ध्यानात ठेवा." मग तांबी माझ्या हातात परत देत त्या म्हणाल्या, "आता विचार करते. आज नाय बसवायची."

त्या दोन महिन्यांनी आल्या आणि बसवून घेऊन गेल्या. पण माझ्या लक्षात राहिला तो त्या दिवशीचा नकार. एकीला न विचारता मी बसवली होती. दुसरीला, ती नाहीच म्हणेल असं गृहीत धरून, विचारलंच नव्हतं. दोन्हीकडे उत्तर माझंच होतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आधी बाईशी, एकटीशी, दार लावून बोलायचं. साधन तिच्या हातात द्यायचं. ती म्हणेल तर आणि म्हणेल तेवढंच घरच्यांना सांगायचं. "आता नको" हेही पूर्ण उत्तर मानायचं. नव्या सिस्टरांना मी हे शिकवू लागलो. लोक कौतुक करू लागले. पद्धत बदलणं सोपं असतं. त्यासाठी, ज्याचं आधी नुकसान केलं त्या माणसासमोर जावं लागत नाही.

तसं जावं लागलं गेल्या वर्षी, दिवाळीच्या थोडं आधी. शालन तिच्या धाकट्या जावेला घेऊन आली. आता तिच्या केसांत पांढरं आलं होतं. बोलण्यात घर चालवणाऱ्या बाईचा भारदस्तपणा होता.

"हिचं बी माझ्यावानीच झालंय साहेब. एका पोरीवर कूस आटली. मला दिलं तेच औशिद हिला द्या. आत्याबाई म्हन्त्यात, आधी बिब्बा घालू. मी म्हनलं, थांबा, आधी साहेबांकडं नेते."

जाऊ खाली बघत होती. मी तिची माहिती विचारली, तपासण्या लिहून दिल्या. मग शालनला म्हणालो, "तुम्ही थोडं थांबा. मला तुमच्याशी एकटीशी बोलायचं आहे." जाऊ बाहेर जाऊन बसली. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. माझा आवाज मुळात बारीक. तो त्या दिवशी अधिकच खाली गेला होता. शेवटी मी म्हणालो, की मला माफी मागायची आहे.

तिनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी माझी कूस आटलीच नव्हती."

"नाही."

"आन् ते डाग तुम्ही बघितलं हुतं."

"हो."

"तवा तरी बोलायचं हुतं, साहेब." आवाज चढला नव्हता. "मी ववाळायला पुढं झाले तर ताट काढून घ्यायच्या हातातलं. चार वर्सं. मला वाटायचं, माझ्याच अंगात काय तरी नासलंय. मी तुमाला डबा धाडत हुते."

मी पुन्हा माफीचं बोलू लागलो. तिनं हात वर केला.

"हितं दार लावून नका मागू. दार लावूनच केलं हुतं तुम्ही. घरी या. आत्याबाईंच्या म्होरं बोला."

मी विचारलं, "किती सांगू? सगळं?" निदान या वेळी तरी विचारायचं सुचलं.

"समदं," ती म्हणाली आणि जावेला घेऊन गेली.

मी रविवारी गेलो. पुण्याला घरी यायचं कबूल केलं होतं. येत नाही असं फोनवर कळवलं. पलीकडून "बरं" एवढंच आलं. भीमेवरचा पूल ओलांडताना शेतांत उसाला तुरे आलेले दिसत होते, आणि माझ्याबरोबर गाडीत बोलायला कोणी नव्हतं.

वस्तीवर अंगणात सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. फार थकल्या होत्या. मला पाहून त्यांनी हाक दिली, "आगं, डाक्तर आलं. च्या ठिवा." शेजारच्या दोघीतिघी कुंपणाशी आल्या. शालनचा नवरा गोठ्याच्या दारात हात पुसत उभा राहिला. सासूबाई जमलेल्यांना सांगू लागल्या, "ह्येंच्या हाताचा गुन, म्हून आमाला नातू दिसला."

जाऊ चहा घेऊन आली. मी कप घेतला नाही. शालन ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिनं मला बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली.

"काय म्हन्तोय?" सासूबाईंनी कानामागं हात धरला.

मी पुन्हा म्हणालो.

"काय? गोळ्या?"

कुंपणाशी कोणीतरी हसलं. मी शालनकडे पाहिलं. ती खांबापासून हलली नाही.

"मोठ्यानं बोला साहेब," ती म्हणाली. "त्यांला कमी ऐकू येतं."

उभ्या आयुष्यात मी कोणावर ओरडलो नाही. कळा देणाऱ्या बाईलासुद्धा मी हळूच सांगत आलो. त्या अंगणात मी श्वास घेतला, सासूबाईंकडे पाठ केली, शालनकडे तोंड केलं, आणि गोठ्यापर्यंत, कुंपणापलीकडे, रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो,

"शालनताई, दोष तुमच्यात नव्हता. कधीच नव्हता. तुमच्या पोटात तांबी होती. ती मी बसवली होती, तुम्हाला न विचारता. आणि ती काढली तेव्हाही मी तुमच्याशी खोटं बोललो. मी तुमची माफी मागतो."